गावाजवळच्या छोट्या कॉलेजात बीए करू की पणजीला जाऊ? तिथली लाईफ कशी असते?

सत्तरीची_पोर:
नमस्कार सगळ्यांना. यंदा बारावी आर्ट्स झाली, टक्के बरे पडलेत. हिस्ट्री मेजर (मुख्य विषय) घ्यायचंय हे पक्कं, मायनरला (दुय्यम विषयाला) मराठी मिळालं तर सोन्याहून पिवळं. घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे आत आहे. ऑप्शन दोन. एक अर्ध्या तासावरचं कॉलेज (नाव घेत नाही, उगाच कोणाला राग नको), तिथे आर्ट्सच्या एका वर्गात पंचवीस-तीस पोरं असतात, आणि हिस्ट्री मेजरला तर आठ-दहाच म्हणे. दुसरं पणजीतलं मोठं कॉलेज, त्यासाठी सकाळची कदंबा पकडायची, जायला दीड तास यायला दीड तास, तेही बस वेळेवर आली तर. आई म्हणते पावसात पहाटे अंधारात बसस्टॉपवर उभी राहणार काय, जवळचं बरं. मैत्रिणी म्हणतात त्या कॉलेजात लाईफच नाही, हायर सेकंडरीचीच अजून तीन वर्षं काढल्यासारखं होईल, तीच पोरं तीच तोंडं. घरी रोज हाच विषय, आता बाबा टीव्हीचा आवाज मोठा करतात.

मला विचारायचंय की जे खरंच लहान कॉलेजात शिकलेत त्यांचे दिवस कसे जातात? बोअर होतं का? दुसरं म्हणजे माझी प्रायमरी मराठीतून झाली, पाचवीपासून इंग्लिश मीडियम पण वर्गात उठून इंग्लिशमधून बोलायचं म्हटलं की अजून घसा सुकतो, त्याचं कुठे बरं होईल? आणि ऑनर्सचं चौथं वर्ष छोट्या कॉलेजात करता येतं का? प्लीज खरं खरं सांगा, "दोन्ही चांगले" असं नको.

एमए_चालू:
मी अशाच एका कॉलेजातून बीए करून आता ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एमए करतेय, म्हणून सांगते. बोअर व्हायला वेळच मिळत नाही गो, त्याचं कारण ऐक. मोठ्या कॉलेजात नाटकाला पन्नास जण ऑडिशन देतात आणि बाकीचे खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात. आमच्याकडे ट्रॅडिशनल डेला फुगडी बसवायची तर बारा मुली लागायच्या आणि वर्गात मुलीच चौदा, म्हणजे नको म्हणायची सोयच नाही. मी आयुष्यात स्टेजवर गेले नव्हते ती एकांकिकेत सासू झाले, मॅगझिनच्या मराठी विभागाची एडिटर झाले, एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पात साठ माणसांचा स्वयंपाक सांभाळला, आणि एका वर्षी घुमट आरतीच्या टीमला शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य) वाजवणारा नव्हता तर फर्स्ट इयरच्या एका बिचाऱ्या पोराला पकडून दोन आठवड्यांत तयार केला, तो आता देवळात वाजवतो, चांगला वाजवतो.

बंक मात्र विसर. आठ जणांच्या वर्गात तू नसलीस तर सर दुसऱ्या दिवशी विचारतात "काल ताप होता का" आणि ते टोमण्याने विचारत नाहीत, खरंच काळजीने विचारतात, त्यामुळे खोटं बोलवत पण नाही. पंचाहत्तर टक्के अटेंडन्सची भीती म्हणून कधी राहिलीच नाही. आयएसएला (सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षेला) कोणी काय लिहिलं ते सरांना पेपर न उघडता कळतं असं आम्ही म्हणायचो.

आणि वाईट बाजू पण लिहिते, तुला खरं हवंय ना. प्रायव्हसी शून्य. तू कोणाशी बोललीस, कोणाच्या स्कूटरवरून गेलीस ते तू घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असतं, कारण बसचा कंडक्टर कोणाच्यातरी मामाचा शेजारी असतो. ब्रेकअप झालं तर तीन वर्षं त्याच वर्गात, त्याच कॅन्टीनात, त्याच बसला. एखाद्या मॅडमचं आणि तुझं नाही पटलं तर पळून जायला दुसरी मॅडम नाही, डिपार्टमेंटच दोन माणसांचं. माझ्या बॅचची एक मुलगी यालाच कंटाळून दुसऱ्या वर्षी सोडून गेली, तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पणजीवाला:
मी उलट सांगतो, वाईट वाटून घेऊ नको. हिस्ट्री शिकायची आणि पणजीला यायचं नाही हे मला समजतच नाही. पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ सालापासूनची, आत शिरलं की वरच्या मजल्यावर जुनी वर्तमानपत्रं, पोर्तुगीज काळची पुस्तकं. पुराभिलेख खात्यात तर पोर्तुगिजांचे शेकडो वर्षांचे कागद, मोडीतले कागद पण आहेत, बाहेरून लोक महिनोन् महिने येऊन बसतात त्यासाठी. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून इथेच आहे, स्टुडंट म्हणून डेलिगेट पास काढायचा आणि दिवसाला चार-चार सिनेमे बघायचे. इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या नावाचा विचार महोत्सव होतो, त्याला मोठमोठी माणसं येऊन बोलतात आणि फुकट ऐकायला मिळतं. कॉलेजची लाईफ कॅम्पसात अर्धीच असते, उरलेली शहरात. संध्याकाळी मिरामारला बसून मित्रांशी वाद घातले त्यातून मी जे शिकलो ते लेक्चरात नाही शिकलो.

आणि तुझ्या वर्गात मडगावचा, वास्कोचा, म्हापशाचा, कॉन्व्हेंटवाला, कॅथलिक, बाहेरच्या राज्यातून आलेला असा सगळा मेळ असतो. गावच्या कॉलेजात सगळे सत्तरीचेच, बारावीपर्यंत ज्यांच्याबरोबर होतीस तेच पुढे.

एमए_चालू:
@पणजीवाला तुमचं घर पणजीत, म्हणून मिरामारची संध्याकाळ. वाळपईकडच्या पोरीला संध्याकाळी शेवटची बस आठवते हो. माझ्या ओळखीच्या दोघी अशा रोज जायच्या, त्यांनी इफ्फी पेपरातच बघितला. इथे हॉस्टेल किंवा पेइंग गेस्ट परवडणार असेल तर पणजीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, नसेल तर शहर फक्त बसच्या खिडकीतून दिसतं.

पणजीवाला:
@एमए_चालू हां ते मान्य, बसचं मी धरलं नव्हतं. पण शनिवारी तर येऊ शकते ना.

फोंड्याचा_बाबू:
माझं एवढंच म्हणणं आहे की कॅन्टीन बघून ठरव. मोठ्या कॉलेजात भाजीपावाला लाईन लावावी लागते आणि आपला नंबर येईपर्यंत पातळभाजी संपते. लहान कॉलेजात कॅन्टीनवाली काकी आपल्यासाठी उंडो (गोल पाव) बाजूला काढून ठेवते. बाकी डिग्री काय सगळीकडे गोवा युनिव्हर्सिटीचीच.

निवृत्त_मास्तर:
बाय, मी बरीच वर्षं एका छोट्या कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असणार, ते धरून वाच.

आधी चौथ्या वर्षाचं, कारण त्यावर इथे कोणी बोललं नाही. नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम गोव्यात २०२३-२४ पासून लागू झाला. तीन वर्षांत १२० क्रेडिट झाले की साधी डिग्री, चौथं वर्ष करून १६० झाले की ऑनर्स. त्यातलं रिसर्चवालं ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के हवेत आणि डिपार्टमेंटात पीएचडीला गाईड करू शकणारी माणसं हवीत. छोट्या कॉलेजात खरी अडचण इथे आहे. दोन माणसांचं डिपार्टमेंट, त्यातला एक लेक्चर बेसिसवर, दरवर्षी बदलणारा. मग चौथं वर्ष तिथे उघडतं की नाही हे ब्रोशरवरून कळत नाही. तसंच मायनरचं. कागदावर चार विषय दिसतात पण पुरेशी मुलं नसली की तो विषय चालवत नाहीत आणि मग मराठी पाहिजे होतं त्या मुलीला जे असेल ते घ्यावं लागतं. तीन क्रेडिटचे ते मल्टिडिसिप्लिनरी पेपर असतात त्यांचंही तेच, बाहेर ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात तशी मोकळीक धोरणात आहे, पण निवड करायला समोर दहा गोष्टी असाव्या लागतात ना, दोनच असल्या तर कसली निवड.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत विल्यम्स नावाचं कॉलेज आहे, १७९३ सालचं, डोंगरातल्या एका लहानशा गावात, विद्यार्थी सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. तिथे ट्युटोरियल म्हणून प्रकार आहे. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने पाच-सात पानांचा निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने तो वाचून त्यातल्या खोडी काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. प्राध्यापक बहुतेक वेळ गप्प. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, याला पैसे कुठे लागतात, याला फक्त कमी मुलं लागतात आणि ती तर आमच्याकडे आहेतच! थर्ड इयरला नऊ जण होते, त्यांच्या जोड्या केल्या, उरलेल्याची जोडी माझ्याशी. विषय दिला आपल्याच भागाचा: १८५२ साली दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध उठून नाणूसचा किल्ला घेतला त्या बंडाबद्दल सरकारी कागद काय म्हणतात आणि गावातली म्हातारी माणसं काय सांगतात. काहींनी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड) नोंदवले, सत्तरीत देवळांच्या आवारात, झाडांखाली ते किती पडलेत आणि लोक त्यांना काय म्हणून पुजतात. पहिले निबंध भयंकर होते, सरळ गाईडमधून उतरवलेले. पण समोर बसलेली मैत्रीण जेव्हा म्हणते "हे तुला कसं कळलं? कोणी सांगितलं?" तेव्हा गाईड उपयोगी पडत नाही. सेमिस्टर संपेपर्यंत दोन मुली आपणहून पणजीला पुराभिलेखात जाऊन आल्या. शंभर-सव्वाशेच्या वर्गात हे मला जमलं नसतं, शंभर पेपर तपासूनच माणूस आडवा होतो.

हे प्रत्येक छोट्या कॉलेजात होतं असं नाही हं. पुष्कळ ठिकाणी आठ मुलांसमोर पण शंभर मुलांसारखं नोट्स डिक्टेट करतात. तसं असेल तर लहान असून काय फायदा, त्यापेक्षा पणजीला जा.

सत्तरीची_पोर:
सर, नाणूस आमच्या घरापासून जवळ आहे! शाळेतून एकदा नेलेलं, तेव्हा फोटो काढून परत आलो फक्त. मग डिक्टेशनवालं आहे की तसं आहे ते आधीच कसं ओळखायचं? आणि कोणीच इंग्लिशचं सांगितलं नाही.

एमए_चालू:
इंग्लिशचं मी सांगते, हे दुखरं आहे. आमच्याकडे सर अर्धं कोंकणीतून, अर्धं मराठीतून समजावायचे, डोक्यात सगळं लख्ख जायचं. पेपर इंग्लिशमधून लिहायचा, तो कसाबसा लिहायचो. कोणी हसत नव्हतं त्यामुळे भीती गेली, प्रेझेंटेशन द्यायला लागले, तुटक्या इंग्लिशमधून का होईना. पण एमएला आल्यावर पहिल्या सेमिस्टरला रडकुंडीला आले होते, कारण इथे सगळं वाचन इंग्लिशमधलं, वर्गातली चर्चा इंग्लिशमधली, आणि समोरचे कॉन्व्हेंटवाले धडाधड बोलतात. सावरले, पण तीन वर्षं आरामात काढल्याची किंमत तिथे द्यावी लागली. म्हणून लहान कॉलेजात गेलीस तर सरांना पहिल्या वर्षीच सांग की माझे निबंध इंग्लिशमधून तपासून द्या, आठ मुलं असतात, ते करतात. मोठ्या कॉलेजात घसा सुकलेली मुलगी शेवटच्या बाकावर बसते आणि तीन वर्षं कोणाला पत्ता लागत नाही, हे पण बघितलंय.

दोडामार्गची_आई:
माझी मुलगी सीमेपलीकडून गोव्यातल्या छोट्या कॉलेजात येते, सेकंड इयरला आहे. मी आईच्या बाजूने लिहिते. मला पण जवळ आहे म्हणून बरं वाटलेलं. पण जवळ असलं की घरची कामं पण तिच्याच गळ्यात पडतात हे लक्षात असू द्या. कॉलेज दुपारी सुटतं मग पाहुणे आले ये लवकर, आजीला डॉक्टरकडे ने, चतुर्थी आली माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायची आहे. पणजीला शिकणाऱ्या मुलीला कोणी असं बोलवत नाही. शेवटी मीच घरात सांगितलं की चार वाजेपर्यंत ती घरात नाही असं समजा, ती लायब्ररीत बसून येईल. तुझ्या आईला हे आधी सांगून ठेव बाळा.

सत्तरीची_पोर:
काकी 😂 हे आईला वाचून दाखवलं, ती गप्पच झाली.

निवृत्त_मास्तर:
ओळखायचं कसं ते सांगतो. कॉलेज चालू असेल त्या दिवशी सकाळी जा, ॲडमिशनच्या गर्दीत नको. हिस्ट्रीच्या थर्ड इयरच्या मुलांना गाठ आणि विचार, गेल्या सेमिस्टरला तुम्ही स्वतः काय लिहिलंत, दाखवा. झेरॉक्सच्या नोट्स पुढे केल्या तर समजून जा. प्रोजेक्टची फाईल काढली आणि तिच्याबद्दल भांडायला लागले तर नाव घाल. मग डिपार्टमेंटात जाऊन तीन गोष्टी विचार: परमनंट किती जण, मराठी मायनर गेल्या वर्षी प्रत्यक्षात चालवला का, चौथं वर्ष इथे होतं की दुसऱ्या कॉलेजात जावं लागतं. लायब्ररीत पण डोकाव, पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात ते एका मिनिटात दिसतं.

फोंड्याचा_बाबू:
आणि कॅन्टीन.

सत्तरीची_पोर:
सोमवारी आईला घेऊनच जाते. पणजीचा फॉर्म पण भरून ठेवलाय, लिस्ट लागेपर्यंत दोन्ही चालू ठेवते. सर, थर्ड इयरची मुलं सकाळी किती वाजता भेटतील?

निवृत्त_मास्तर:
साडेदहाच्या सुमारास, पहिली दोन लेक्चरं सुटली की. बाबू म्हणतो तिथेच असतील.