‘जादुई तलवार’ नको वाटतंय. मंतरलेली, भारलेली, सिद्ध... नेमकं काय म्हणायचं?

खासबागवाला:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटंल पण डोकं पिकलंय म्हणून विचारतोय. आम्ही पाच जण बेळगावात रविवारी संध्याकाळी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो (एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून काय घडतं ते ठरतं), चौघं मराठी आणि एक कन्नड दोस्त, त्याचं मराठी आमच्यापेक्षा बरं आहे. इतके दिवस गोष्ट मराठीत आणि नियम सगळे इंग्रजीत असं चाललं होतं, म्हणजे ‘तू गुहेत शिरलास, समोर चबुतऱ्यावर एक प्लस वन लाँगसोर्ड आहे’. आता प्लस वन, म्हणजे फाशाच्या आकड्यात एक जास्त, असं म्हटल्यावर त्या गुहेतला सगळा अंधारच गेला की वो! म्हणून ठरवलं की एक मोठी कथा पूर्ण मराठीत चालवायची आणि मी गेम चालवणारा म्हणून शब्द गोळा करायला बसलो.

पहिलाच शब्द अडला, मॅजिक वेपन. ‘जादुई तलवार’ म्हटलं की मला गणपतीच्या मांडवातला जादूगार दिसतो, टोपीतून कबुतर काढणारा. ‘जादूची’ म्हटलं तर लहान पोरांची गोष्ट झाली. ‘मंतरलेली’ बरा आहे, ‘भारलेली’ पण बरा आहे, ‘अभिमंत्रित’ म्हटलं की भटजी आठवतात. तर ह्यातलं नेमकं कुठलं?

दुसरं म्हणजे आर्मर. चिलखत म्हणायचं का कवच? आणि तिसरं, जे मला अजिबात सुटत नाही ते म्हणजे अट्यूनमेंट. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, ह्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत काही जादूच्या वस्तू नुसत्या हातात घेऊन चालत नाहीत, तासभर तिच्यासोबत शांत बसून तिच्याशी नातं जुळवावं लागतं, मगच ती आपलं काम करते, आणि एका माणसाला एकावेळी अशा तीनच वस्तू जुळतात. शापित वस्तू असली तर जुळते पण सुटत नाही. ‘अनुसंधान’, ‘समरसता’, ‘एकरूपता’ सगळं घालून बघितलं, सगळं कीर्तनासारखं वाटायला लागलं.

निपाणीकर काका:
छान विषय काढलात. पण आधी एक गोष्ट, शस्त्र आणि अस्त्र ह्यात घोळ करू नका. हल्ली ‘शस्त्रास्त्रे’ असा जोडशब्द पेपरात वाचून वाचून दोन्ही एकच वाटायला लागलंय. शस्त्र म्हणजे हातात धरून मारायचं, अस्त्र म्हणजे फेकायचं, ‘अस्’ म्हणजे फेकणे ह्या धातूवरून. अग्निपुराणात धनुर्वेदाचा भाग आहे त्यात तर यंत्रातून सुटणारं, हातातून सुटणारं, सोडून परत घेता येणारं, न सोडायचं असे प्रकारच पाडलेत. आपल्या मराठ्यांचा विटा बघा, दोरी बांधलेला भाला, फेकला आणि ओढून परत घेतला.

आणि अस्त्र म्हणजे वस्तू असायलाच पाहिजे असंही नाही. विश्वामित्रांनी रामाला अस्त्रं दिली तेव्हा ती रामापुढे हात जोडून उभी राहिली, रामाने त्यांना सांगितलं की माझ्या मनात राहा, काम पडेल तेव्हा या. म्हणजे भात्यात नाही, मनात. साधी गवताची काडीसुद्धा मंत्राने अस्त्र होते, अश्वत्थाम्याने तेच केलं. तेव्हा तुमच्या खेळात जी तलवार पिढ्यानपिढ्या गुहेत पडून आहे ती ‘अस्त्र’ नव्हे, आणि जादूगार हातातून जो जाळ सोडतो ते मात्र अस्त्र म्हणायला हरकत नाही.

अजून एक गंमत. त्याच प्रसंगात राम विश्वामित्रांना म्हणतो, मला ह्या अस्त्रांचा ‘संहार’ही शिकवा. आज संहार म्हणजे कत्तल, तिथं संहार म्हणजे सोडलेलं अस्त्र मागं घेणं, आवरून घेणं. उपसंहाराचाही तोच अर्थ, आणि आता उपसंहार कुठं येतो तर पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघांनी अस्त्र सोडलं, ऋषी मध्ये पडले, अर्जुनाला मागं घेता आलं, अश्वत्थाम्याला येईना. सोडायला शिकला होता, आवरायला नाही. तुमच्या खेळात हा नियम घाला, मजा येईल.

खासबागवाला:
काका हे भारीच! म्हणजे ‘प्रयोग’ आणि ‘उपसंहार’ अशी दोन वेगळी कौशल्यं ठेवता येतील. पोरं शिव्या घालतील मला पण घालू देत.

खानापूरची ताई:
मी गेम खेळत नाही पण शब्दांवर बोलते. मंतरलेलं, भारलेलं, सिद्ध हे तीन एकच नाहीत रे दादा. क्रियापद बघ, मग वस्तू कशी चालते ते आपोआप कळतं. मंतरणे म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तोंडानं पुटपुटून त्यात काहीतरी घातलं, उडीद मंतरले, पाणी मंतरलं, अंगारा मंतरला. ते एकदा वापरलं की संपलं. भारणे म्हणजे भरणं, आत काहीतरी कोंबलेलं आहे आणि ते उतरू शकतं, ‘भारलेली जागा’ म्हणतो तसं. आणि सिद्ध करणे म्हणजे जो वापरणार त्यानंच कष्ट केलेत, जप केला, उपास केला, ते त्याचंच राहतं, दुसऱ्यानं उचललं तर नुसतं लोखंड.

म्हणजे तुझ्या गेममध्ये जी कांडी रोज ठराविक वेळा चालते ती भारलेली, एकदा ओतायचं तेल ते मंतरलेलं, आणि बारा वर्षं डोंगरात बसून मिळवलेली ती सिद्ध. ‘जादुई’ हा शब्द ह्या तिघांवर एकच पांघरूण टाकतो म्हणून तुला तो फिका वाटतोय.

खासबागवाला:
ताई, ती कांडी रोज पहाटे थोडी थोडी परत भरते असा नियमच आहे! ‘तांबडं फुटलं की भरते’ असं लिहिलं आत्ताच.

उद्यमबाग फिटर:
तुम्ही सगळे मंत्रावरच बसलासा. आमच्या लोखंडाचं काय? आमच्यात ‘पाणी’ म्हणतात. कोयत्याला पाणी दिलंय, छन्नीला पाणी चांगलं बसलंय, पाणीदार पातं. हीच आमची जादू.

माझा बाप छन्नी करायचा ते सांगतो. टोक लालभडक करायचं, नुसतं टोकच पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून पटकन घासून चकचकीत करायचं आणि मग बघत बसायचं. मागच्या दांड्यात उष्णता राहिलेली असते ती हळूहळू टोकाकडं सरकते आणि रंग धावत येतात, आधी गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा टोकावर आला रे आला की परत बुडवायचं. एक सेकंद आधी बुडवलं तर टवका उडतो, एक सेकंद उशीर झाला तर मऊ पडते, दगडावर वाकते. लहानपणी मला वाटायचं बाप त्या छन्नीला काहीतरी सांगायलाय, ओठ हलायचे त्याचे. मोठा झाल्यावर कळलं आकडे मोजायचा.

तर गेममध्ये जी तलवार नुसती चांगली घडवलेली आहे, मंत्र वगैरे काय नाही, तिला ‘पाणीदार’ म्हणा. आणि तुमच्या त्या दोस्ताला विचारा, कन्नडमध्ये पोलादाला उक्कू म्हणतात. इंग्रजीत ज्याला वूट्झ पोलाद म्हणतात, ज्याच्या तलवारी पार दमास्कसपर्यंत गाजल्या, तो शब्द ह्या उक्कूवरूनच गेला असं बहुतेक जण मानतात. म्हणजे फँटसीतली ती रहस्यमय धातूची तलवार मुळात आमच्याच भागातली निघाली की.

आणि हत्यार हा शब्द विसरू नका. आमच्याकडं पाना पण हत्यार, तलवार पण हत्यार. खंडेनवमीला मशीनला हार घालून बंद ठेवतो, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हा पण नियम घाला, वर्षातनं एक दिवस हत्यार चालणार नाही!

खासबागवाला:
दोस्ताला विचारलं, उक्कू बरोबर म्हणाला. वर म्हणाला तलवारीला कत्ती आणि ढालीला गुराणी. ‘गुराणी’ मला इतका आवडला की बुटक्यांच्या टोळीची भाषा कन्नडच करून टाकतोय, तो खूश झालाय एकदम.

बरं, चिलखत का कवच?

निपाणीकर काका:
चिलखत, बख्तर हे फारशीकडून आलेले, लोखंडाचे, घामट, वजनदार शब्द आहेत. जिरेटोपातला ‘जिरे’सुद्धा फारशी ‘जिरह’, म्हणजे कड्यांचं जाळीदार चिलखत, स्वयंपाकातल्या जिऱ्याशी संबंध नाही. आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथावर पोरं पुठ्ठ्याचा घालतात त्याला पण जिरेटोपच म्हणतो म्हणा.

कवच हा शब्द मात्र लोखंडाच्या बाहेर गेलेला आहे. रामरक्षा म्हणतो ती कवचच आहे. शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः... डोक्याला एक नाव, कपाळाला एक, डोळ्यांना एक, असं करत पायापर्यंत. एकेका अवयवावर एकेक पत्रा ठोकत गेल्यासारखं. सप्तशतीच्या आधी तर कवच, अर्गला, कीलक अशी तीन स्तोत्रं आहेत. अर्गला म्हणजे अडसर, कीलक म्हणजे खुंटी. दार, अडसर आणि खुंटी, सगळी कुलपाची भाषा. शब्दांचं चिलखत आणि त्याला कुलूप, तुम्हाला आयतंच मिळालं.

आणि द्रोणपर्वात दोन्हीची गाठ पडते. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोण दुर्योधनाच्या अंगावर मंत्राने कवच बांधतात. शब्द बघा, ‘बांधतात’, नुसतं घालत नाहीत. अर्जुनाचे बाण त्यावरून निसटायला लागतात, त्याला कळतं की हे आचार्यांचं काम. मग तो काय करतो, जिथं कवच नाही तिथं, हाताच्या तळव्यांवर बाण मारतो. कर्णाचं कवच तिसऱ्याच जातीचं, घातलेलं नव्हे आणि बांधलेलंही नव्हे, अंगचं. म्हणून द्यायची वेळ आली तेव्हा काढून नाही, कापून द्यावं लागलं. बदल्यात जी शक्ती मिळाली ती एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली आणि घटोत्कचावर खर्च झाली.

खासबागवाला:
काका ह्यात एक गोष्ट आमच्या गेमपेक्षा सरस आहे. आमच्याकडं आर्मर म्हणजे एक आकडा असतो, कड्यांच्या चिलखताला १६, पत्र्याच्या पूर्ण चिलखताला १८, ढाल असली तर अजून २. वीस बाजूंचा फासा टाकून त्या आकड्याला गाठलं तर लागलं, नाहीतर नाही. कुठं लागलं ते कुणी विचारत नाही. आणि प्लस वन म्हणजे त्या वीसातलं एक घर, शंभरात पाच. तळव्यावर मारायची सोय नियमातच नाही! बांधलेल्या कवचाला मी आता एक उघडी जागा ठेवणार आणि ती शोधायला लावणार.

खानापूरची ताई:
‘मूठ’ कुणी आणला नाही अजून. तलवारीची पण मूठ आणि लांबून मारायची ती पण मूठ. आमच्या आजोळी म्हणायचे, अमक्यानं मूठ मारली. धरायची ती शस्त्र, मारायची ती अस्त्र, काकांचा अख्खा धडा एका शब्दात. आणि समोरचा जाणता असला तर मूठ उलटते, मारणाऱ्यावरच येते.

निपाणीकर काका:
खेळापुरतं ठीक आहे हो ताई. बाहेर महाराष्ट्रात २०१३ चा आणि आपल्याकडं कर्नाटकात २०१७ चा कायदा आहे ह्या प्रकारांविरुद्ध, मूठ सांगून पैसे उकळणारे अजून फिरतात.

खानापूरची ताई:
ते आहेच काका. शब्द ठेवते, मूठ सोडते. :)

खासबागवाला:
अट्यूनमेंट राहिलं ते राहिलंच. कुणीतरी सांगा, रविवार जवळ आलाय.

उद्यमबाग फिटर:
काल घरात हेच बोलत बसलो होतो तर आमची आई आतनं भाकरी थापता थापता म्हणाली, “लाभणं म्हण की.”

मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाली, तुझ्या बापानं ती जुनी स्कूटर घेतली होती बघ, पहिल्या आठवड्यात पडला, दुसऱ्या आठवड्यात चाक निखळलं, तिसऱ्यांदा गेटात हात चेमटला. गाडीत काय दोष नव्हता, मेस्त्रीनं दोनदा उघडून बघितली. आपल्याला लाभली नाही. शेजारच्यांनी घेतली, पंधरा वर्षं चालवली, पोरीचं लगीन केलं त्या गाडीवर हिंडून. त्यास्नी लाभली.

खासबागवाला:
अरे!! हाच की शब्द. म्हैस लाभते, घर लाभतं, सून लाभते, तलवार का नाही लाभणार. वस्तू चांगली का वाईट हा प्रश्नच नाही, ह्या माणसाला लाभली का एवढंच. आणि शापित म्हणजे लाभत पण नाही आणि सुटत पण नाही. आईंना नमस्कार सांगा.

(सोमवार सकाळ) काल खेळलो. आमच्या दोस्ताच्या योद्ध्याला गुहेतली तलवार मिळाली. तासभर तिच्याशेजारी बसला, मी विचारलं आधीच्या तीन वस्तू आहेत, एक सोडणार का? नाही म्हणाला, ढाल आईची आहे, अंगठी गुरूची आहे, बूट तर सोडणारच नाही. मग म्हटलं चौथी लाभत नाही बाबा. तलवार बुटक्यांच्या पोरीकडं गेली. दोस्त कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, ते इथं लिहिण्यासारखं नाही.