मदत हवी आहे : जॉन डीकनची बेस लाइन. सूर लागतात, मधली शांतता लागत नाही

मंडळी, मी नाशिकची, वय ४३. दीड वर्षापूर्वी बेस गिटार शिकायला घेतली. लहानपणी पेटी शिकले होते, त्यामुळे सरगम पक्की आहे, पण तारेच्या वाद्याला आयुष्यात पहिल्यांदाच हात लावला. आम्ही चौघं दर शनिवारी आमच्या ड्रमरच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. डिसेंबरात सोसायटीचं स्नेहसंमेलन आहे, त्यात क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची तीन गाणी वाजवायची ठरली आहेत. त्यातल्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'पाशी मी महिनाभर अडकले आहे.

बेसच्या सगळ्यात जाड, ई तारेला सा मानलं तर या गाण्याची ओळ अशी: आधी पटकन उचललेले म आणि कोमल ग, मग सा, सा, सा. थांबा. मग सा सा सा ग सा म. संपलं. अख्ख्या ओळीत तीनच सूर. अर्ध्या तासात बोटांवर बसली. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा मात्र कळलं की माझं वाजवणं तानपुऱ्यासारखं होतंय. एक सा विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. मूळ रेकॉर्डमध्ये प्रत्येक सा सुरीने कापल्यासारखा थांबतो आणि त्या रिकाम्या जागेतच पाय हलायला लागतात. मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ११० ठोके ठेवून वाजवते, लय सुटत नाही. चुकतंय ते सूर बंद करण्यात.

हे गाणं क्वीनचा बेसवादक जॉन डीकन यानेच लिहिलं आहे. १९८० च्या 'द गेम' या अल्बममध्ये ते आलं आणि त्या ऑक्टोबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या शिक बँडच्या 'गुड टाइम्स'मधली बर्नार्ड एडवर्ड्सची बेस ऐकली की हे बीज कुठून आलं ते लगेच कळतं. मी दोन्ही लागोपाठ ऐकते. एडवर्ड्स वाहता आहे, डीकनने त्यातलं बरंच काढून टाकलंय.

या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, ते एक कारण. डीकनचा जन्म १९५१ चा, लेस्टरचा. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत असताना, १९७१ मध्ये, तो क्वीनमध्ये आला आणि त्याच वर्षी प्रथम वर्गात पदवीही घेतली. कचऱ्यात सापडलेलं एक सर्किट छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवून त्याने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर बनवला. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने पुढे तो वर्षानुवर्षं रेकॉर्डिंगला वापरला. 'गुड कंपनी'मध्ये जे जॅझ बँडसारखं ऐकू येतं, ती गिटार त्याच खोक्यातून आलेली आहे.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. डीकनचं नाव फारसं कोणी घेत नाही. 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' त्याचं, त्यातला इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवलाय. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'ही त्याचंच. फ्रेडी गेल्यावर तो हळूहळू बाजूला झाला. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला 'द शो मस्ट गो ऑन' वाजवलं, आणि त्यानंतर क्वीनसोबत मंचावर आला नाही.

तर जाणकारांनो, उघडी (डाव्या हाताने न दाबता वाजवलेली) ई तार वेळेवर गप्प कशी करायची? डाव्या हाताने की उजव्या? डीकनचा हात नीट दिसेल असं कुठलं चित्रीकरण आहे का? आणि हे जमल्यावर पुढचं कुठलं गाणं घेऊ? 'द मिलियनेअर वॉल्ट्झ'वर माझा फार जीव आहे. त्याच्या सुरुवातीला फ्रेडीचा पियानो आणि डीकनची बेस, दोघंच गप्पा मारल्यासारखे चालतात.

प्रतिसाद १
ताई, मी बरीच वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवली. उघडी तार मुख्यतः डाव्या हातानेच गप्प करायची. बोटं तारेवर आडवी, अलगद टेकवा. दाबायची नाहीत, दाबलीत तर दुसराच सूर वाजेल. दोन बोटं टेकवा. एकच टेकवलं तर कधीकधी शिट्टीसारखा बारीक सूर निघतो. उजव्या हाताचं पुढचं बोट पुढच्या ठोक्यासाठी आधीच तारेवर येऊन बसलं तर तेही मदत करतं. आठवडाभर गाणं बाजूला ठेवा आणि नुसता सा वाजवून तोडा, वाजवून तोडा. वेग ६० ठेवा. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) घेऊ नका, डीकनही बहुतेक वेळा बोटांनीच वाजवायचा. पाहायचं तर १९८१ चा मॉन्ट्रियलचा कार्यक्रम पाहा, चित्रीकरण स्वच्छ आहे.
वॉल्ट्झ सध्या नको. आधी 'अंडर प्रेशर' घ्या. सहा वेळा सा आणि एकदा मंद्र पंचम, दोनच सूर. तिथेही सगळा खेळ थांबण्याचाच आहे.

प्रतिसाद २
मी तबला वाजवतो, बेस नाही. पण तुमची अडचण डग्ग्याची वाटते. 'गे' वाजवला की घुमारा राहतो, 'के' वाजवला की हात चामड्यावरच राहतो आणि आवाज तिथेच संपतो. सोडायचा कधी हे आम्ही बोल म्हणून शिकतो. तुम्हीही ती ओळ तोंडाने म्हणून पाहा, आणि जिथे शांतता आहे तिथे टाळी द्या. रिकाम्या जागेलाही मात्रा असते, ती मोजल्याशिवाय हात थांबत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. काका, तुम्ही म्हणालात तसं पाच दिवस फक्त सा तोडला. शिट्टीचा सूर मलाही यायचा, दोन बोटांनी तो गेला. टाळीचा उपाय तर सगळ्या बँडला शिकवला. आमचा ड्रमर त्या जागी झांज वाजवून ती भरून टाकत होता, हे त्यामुळेच लक्षात आलं. त्याने झांज बंद केली आणि काल पहिल्यांदा आमच्या गायिकेचा पाय आपोआप हलला.
अजून एक अडचण आहे. ओळीच्या शेवटच्या म वरून पुन्हा उघड्या सा वर येताना म रेंगाळतो. बोट उचललं की तार खणकते, ठेवलं तर म चालूच राहतो. यावर काही सुचतंय का?