मदत हवी आहे: एक्सेलच्या मॅक्रोत नेम्ड रेंज भलत्याच शीटचे आकडे उचलते

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ आमचं कांद्याचं खळं आहे, हिशेब माझ्याकडे. लिलावातल्या खरेदीचे क्विंटल आणि भाव एक्सेलमध्ये भरतो. भावाच्या कॉलमला 'भाव' असं नाव दिलंय, म्हणजे नेम्ड रेंज केलीय (फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आहे, मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात). बेरीज करणारा मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्राम) साध्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कुठल्याही एका शीटला न जोडलेल्या कोडच्या पानावर आहे, त्यात थेट रेंज("भाव") लिहिलंय.

वैशाखापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग नव्या महिन्यासाठी जुनी शीट कॉपी केली आणि गोंधळ सुरू झाला. समोर जी शीट उघडी असेल तिचेच भाव बेरजेत येतात. एरर नाही, काही नाही, गुपचूप चुकीचा आकडा! शेतकऱ्याची पट्टी (हिशेबाची पावती) चुकायची वेळ आली होती.

नेम मॅनेजरमध्ये (दिलेल्या नावांच्या यादीत) पाहिलं तर 'भाव' दोनदा दिसतो. एकाचा स्कोप (ते नाव कुठवर चालतं) वर्कबुक म्हणजे पूर्ण फाइल, दुसऱ्याचा नवी शीट. म्हणजे कॉपी करताना एक्सेलनेच दुसरं नाव तयार केलं.

आता शीटचं नाव पुढे लावून वर्कशीट्स("मे").रेंज("भाव") असं लिहू, की शीटपुरती नावं मॅक्रोनेच उडवू? उडवली तर कॉपीतली सूत्रं बिघडतील का? कुणी हे केलंय का?