मदत हवी आहे : स्टोइक (प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानातलं) ‘संकटचिंतन’, म्हणजे संभाव्य संकट आधीच मनात रंगवणं, चिंताग्रस्तांना कसं द्यावं?

गोव्यात फोंड्यातल्या मराठी गटासाठी विचार-नोंदीचा तक्ता करतोय : प्रसंग, विचार, भावना (० ते १००), पुरावा, पर्यायी विचार. ‘घटना नव्हे, तिच्याबद्दलचं मत छळतं’ हे स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसचं सूत्र मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसने १९५५ पासून उपचारात आणलंच. ते लोकांना पटतं.

घोडं अडतं संकटचिंतनावर. ‘चोडण बेटाची फेरीबोट चुकली, नोकरी गेली’ असं चित्र दहा मिनिटं धरायचं, तर अस्वस्थता ७० वर पोचताच माणूस ‘कांय जावचें ना’ (काही होणार नाही) म्हणत सटकतो. सुटका झाली की भीती उलट मुरते. काही जण तर दिवसभर तेच रवंथ करतात.

वेळ बांधावी, की आधी चित्र लिहून मोठ्याने वाचून घ्यावं? आणि ‘इंडिफरंट’ला (स्टोइकांच्या मते जे स्वतःहून चांगलंही नाही, वाईटही नाही, ते) मराठी शब्द सुचवा. ‘उदासीन’ म्हटलं की लोक भावना दाबायला लागतात.