मदत हवी आहे: मराठी पानावर हिंदीचा 'ल' दिसतोय

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वेबसाइट हा काही माझा धंदा नाही. काटोलकडे मामाची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे, तिच्यासाठी वर्डप्रेसवर साइट केली. गिऱ्हाईक मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडूनही येतं, म्हणून पॉलिलँग हे भाषांचं प्लगइन टाकून मराठी, हिंदी, इंग्लिश अशा तीन भाषा ठेवल्या. मूळ भाषा मराठी.

मामानं जंभेरी खुंट, रंगपूर खुंट (ज्यावर कलम बांधतात ती रोपं), दर सगळं वाचलं आणि 'कलम'वर बोट ठेवून म्हणाला, "हा ल आपला नाही बे." त्यानं तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, नजर तिथंच जाते. पाहतो तर खरंच, आपला दोन पाकळ्यांचा ल सोडून उभ्या दांडीचा हिंदी ल! 'शेतकरी'तला श पण तसाच. मजकूर तर मी मराठी कीबोर्डवरच टाइप केलाय. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट लावून पाहिला, फरक नाही.

दुसरं म्हणजे मामाच्या फोनवर साइट थेट इंग्लिशमधे उघडते. फोन इंग्लिशमधे आहे, पण मामाला इंग्लिश येतं कुठं!

प्रतिसाद: फॉन्ट ठीक आहे. युनिकोडात, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ल एकच, मराठीला वेगळा नाही. कुठला आकार दाखवायचा ते पानाला भाषेची जी खूण लावलेली असते तिच्यावरून ठरतं. पानाचा सोर्स उघडा, अगदी वर एचटीएमएल टॅगमधे 'लँग'पुढे काय आहे?

धागाकर्ता: 'एचआय'. मराठी पानावर सुद्धा!

प्रतिसाद: 'एचआय' म्हणजे हिंदी. थीम म्हणजे साइटचा तयार साचा, तो बनवणाऱ्यानं हेडरच्या फाइलीत ते हातानं लिहून ठेवलंय. तिथं वर्डप्रेसचं 'लँग्वेज ॲट्रिब्यूट्स' फंक्शन घाला, मग मराठी पानाला 'एमआर' लागेल आणि हिंदी पानाला हिंदीचीच खूण राहील. तिथल्या वाचकाला त्याचाच ल हवा ना. चाइल्ड थीममधे, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या आपल्या वेगळ्या थीममधे करा, नाहीतर थीम अपडेट झाली की पुन्हा पहिले पाढे.
इंग्लिशचं कारण सोपं आहे. पॉलिलँगमधे ब्राउझरची भाषा ओळखायचा पर्याय चालू असणार, तो बंद करा. गावाकडे कितीतरी फोन इंग्लिशमधेच असतात, त्यावरून माणसाची भाषा धरू नये. आणि भाषेच्या मेनूत झेंडे असतील तर काढा, नावं लिहा. मराठीला आणि हिंदीला वेगवेगळा झेंडा कुठून आणणार?

धागाकर्ता: केलं. आधी काहीच हललं नाही, कॅशे (पानाची साठवलेली जुनी प्रत) साफ केली तेव्हा ल आला. फोनवरही मराठी उघडतंय. मामाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर: "ल जमला. आता 'शेतकर्यांसाठी' लिहिलंय ते कोण सुधारणार?"