मदत हवी आहे: फिकट नेलपेंट हळदीने पिवळी पडते

मैत्रिणींनो, भावाच्या लग्नात मोरपंखी पैठणी नेसायची आहे, म्हणून घरातल्या सगळ्या नेलपेंट लावून बघतेय. मरून दोन थरांत छान भरते, पण ट्यूबलाइटखाली तपकिरी वाटते. रंग उन्हातच बघावा हे खरं. गडद लाल सुंदर आहे, फक्त बेसकोटशिवाय लावली की नखांवर डाग राहतो. चंदेरी चमकीवाली काढताना जीव जातो, ती बाद.

मनात भरलीय ती मोतिया गुलाबी. पैठणीच्या जरीकाठाशी इतकी सुरेख दिसते! पण कणीक मळली, फोडणीला हळद घातली की दुसऱ्याच दिवशी कडा पिवळ्या. आणि लग्नघरात हळद तर हातांना लागणारच. वरून टॉपकोट दिला तर डाग अडतो का? कुणी स्वतः वापरून पाहिलाय? हातमोजे सोडून दुसरा उपाय सांगा, हळद लावताना ते नको वाटतात.

शिवाय या बाटलीतली नेलपेंट घट्ट झालीय. रिमूव्हर घातला तर ॲसिटोनने पॉलिश बिघडते, म्हणून ब्यूटाइल ॲसिटेटवालं थिनर हवंय. पुण्यात कुठे मिळेल? बाटलीला किती थेंब पुरतात?