मदत हवी आहे : लिथियम चालू असताना गर्भधारणेचे नियोजन

माझी धाकटी बहीण सहा वर्षांपासून बायपोलर आजारासाठी लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या घेत आहे, रोज ९०० मिलिग्रॅम. एकदा तिने त्या परस्पर बंद केल्या, तेव्हा पंधरवड्यातच तिची झोप उडाली आणि पहाटे तीन वाजता ती कपाटे रिकामी करत बसलेली दिसली. ते दिवस घरातले कोणीच विसरलेले नाही. आता तिला मूल हवे आहे.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तिमाहीत लिथियम घेतलेल्या मातांच्या दर १०० बाळांमागे सुमारे २.४ बाळांत हृदयाचे दोष आढळले, तर न घेतलेल्या मातांच्या बाळांत हे प्रमाण सुमारे १.१५ होते, ९०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मात्रेला धोका सर्वांत जास्त होता. लिथियममुळे बाळाला एब्स्टाइन विकृती (हृदयाच्या झडपेचा एक दुर्मीळ जन्मजात दोष) होते ही जुनी भीती त्यामानाने अतिरंजित होती, असे माझे मत झाले आहे.

गरोदरपणात मूत्रपिंडे लिथियम लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तातली पातळी उतरते आणि प्रसूतीनंतर ती पुन्हा चढते, हे मला ठाऊक आहे. ज्यांनी स्वतः किंवा घरात हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे: पातळी किती दिवसांनी तपासली जात असे, मात्रा विभागून दिली होती का, बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी कोणत्या आठवड्यात झाली आणि स्तनपानाबाबत काय ठरले? निर्णय मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळूनच घेतील, परंतु त्यांच्यासमोर नेमके प्रश्न घेऊन जाता यावे, एवढीच इच्छा आहे.